'बसतंय की ओ' यावर विसंबू नका: हूक, पाटे आणि कॅरिअरची मापं स्वतः कशी तपासायची

कोल्हापुरात गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "बसतंय की ओ, सगळ्यांना हेच देतोय." या वाक्यावर भरवसा ठेवून मी तीन वर्षांत तीनदा पैसे घालवले. एकदा पाट्यांत (चाकांवरच्या, एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत), एकदा केबिनवरच्या कॅरिअरमध्ये, एकदा ट्रेलरच्या हुकात. माझा मंडप-डेकोरेशनचा छोटा धंदा आहे. एक जुनी पिकअप आणि तिच्यामागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली, एवढाच पसारा. तेव्हा खाली जे लिहिलंय ते पिकअपवाल्याच्या डोक्यातून आलंय. कारवाल्यांनी हौदा (मागची माल भरायची पेटी), फाळका (तिचा खाली पडणारा मागचा दरवाजा) सोडून बाकीचं घ्यावं.

गाडीचं मॉडेल सांगून सामान मागू नका, माप सांगून मागा. एकाच नावाची गाडी वर्षागणिक बदलते, आधीच्या मालकानं पाटा वाढवलेला असतो, कुणी ॲक्सल बदललेला असतो. जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. अशा गाडीचे चासीचे बोल्ट वरून रंगवलेले आणि आतून खाल्लेले निघतात. मोजायला बसण्याआधी तारेच्या ब्रशनं घासून बघा.

काय काय लागेल

५ मीटरचा स्टीलचा टेप, व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास बारीक मोजायचं साधन (साधा चालेल, डिजिटलचा सेल ऐनवेळी संपतो), गुण्या, ओळंबा, सुतळी, खडू, मास्किंग टेप, पुठ्ठा, टॉर्च, आटे मोजायचा पिच गेज, जॅक आणि दोन जॅक स्टँड. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच कसणारा) विकत घ्यायची गरज नाही, पण ज्याच्याकडे आहे अशा मिस्त्रीशी ओळख ठेवा. कागदांत आरसी, गाडीचं मॅन्युअल, विम्याची पॉलिसी आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. मापं मोबाईलमध्ये लिहिली की नेमकी ग्रीसच्या हातांनी शोधावी लागतात.

टेपबद्दल एक. त्याच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा हलतो, तो बिघाड नाही. आतलं आणि बाहेरचं माप बरोबर यावं म्हणून तो आपल्याच जाडीइतका सरकतो. पण तो वाकला असेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा. वजा करायला विसरून मी एकदा १० सेंटिमीटर लांब फ्रेम कापून घेतली होती. ती आता अंगणात वेलीला मांडव म्हणून आहे.

१. आधी कायदा, मग खरेदी

हा टप्पा मी शेवटी केला, तुम्ही पहिला करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. तो विषय सोडूनच द्या.

कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन' आहे. म्हणजे हूक लावला आणि मागं काहीही जोडलं, असं चालत नाही. ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते. तुमच्या गाडीला तो ओढायची मुभा आहे का, हे आरटीओत विचारा, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. क्लेमच्या वेळी सर्वेअर गाडीखाली वाकतोच.

२. सपाट जागा शोधा

आपल्याला सपाट वाटतं ते अंगण सहसा पाणी जायला उताराचं केलेलं असतं. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप आणा, पाणी भरा, चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी बघा. पुढच्या-मागच्या चाकांत सेंटिमीटरभर फरक चालतो, पण डाव्या-उजव्यात नको. जागा ठरली की चाकांच्या जागा खडूनं आखून ठेवा, पुढच्या वेळी गाडी तिथंच उभी करा.

३. गाडी कामाच्या अवस्थेत आणा

टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे भरा, टाकी भरा, स्टेपनी जागेवर ठेवा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. पाटे आणि बुश (सांध्यात बसवलेल्या नळ्या) अडकून राहतात आणि गाडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच दिसते. चार-पाच मीटर पुढं-मागं घ्या, कोपरे दाबून उसळवा, मग मोजा.

मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ वर. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात घुसते. चार कोपरे रिकामे मोजा, मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. वहीत आठ आकडे होतात. पुढचं सगळं या आठ आकड्यांवर उभं आहे.

मग वजनकाटा. आपल्याकडं ऊस, गूळ आणि फौंड्रीमुळं काट्यांना तोटा नाही. अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं, अशा तीन पावत्या घ्या. काटेवाला वैतागेल, त्याला चहा सांगा. आरसीवरचं एकूण वजन आणि काट्यावरचं रिकामं वजन यांतल्या फरकातून ड्रायव्हर, हेल्पर, कॅरिअर आणि हुकाचा सांगाडा वजा झाला की खरा माल किती घालता येतो ते कळतं. आकडा बघून मला जरा गप्प बसावं लागलं होतं.

४. सूत आणि मिलिमीटर यांची गल्लत

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, आजही अर्धी भाषा सुतात चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तीन सुताचा बोल्ट ९.५ मिलिमीटरचा, आणि गाडीला हवा असतो १० चा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. १० च्या नटात तीन सुताचा बोल्ट दोन-तीन आटे फिरतो, मग एकतर अडकतो नाहीतर ढिला धरतो. ढिला धरणारा जास्त वाईट, कारण तो 'बसलाय' असं वाटतं.

म्हणून प्रत्येक बोल्टची चार मापं लिहा: जाडी, आट्यांचा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर), डोकं सोडून लांबी, आणि डोक्यावरचा ग्रेडचा (मजबुतीचा) आकडा. १० मिलिमीटरच्या बोल्टला १.५ आणि १.२५ असे दोन्ही पिच सर्रास मिळतात. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं नसेल तर तो बोल्ट पाटे आणि हुकाच्या कामाला घेऊच नका. चकाकीवर जाऊ नका. मुलामा कशालाही देता येतो.

५. पाटे: इथं घाई केली की गाडी तिरकी चालते

पाट्याची मापं: रुंदी, प्रत्येक पाटीची जाडी, दोन्ही डोळ्यांमधलं (टोकांच्या गोल कड्यांमधलं) अंतर, डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचं अंतर (पुढचं आणि मागचं वेगळं लिहा, बऱ्याच गाड्यांत ते सारखं नसतं), डोळ्याच्या बुशचा आतला व्यास आणि रुंदी. यू-बोल्टचं (पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या U आकाराच्या बोल्टचं) आतलं अंतर, जाडी आणि पायाची लांबी.

हेल्पर पाटा (जास्त भारासाठीचा जादा पाटा) घालायचा असेल तर जाडीबद्दल सावध राहा. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. ७ ऐवजी ८ मिलिमीटरची पाटी घेतली तर ती एक पाटी जवळजवळ दीडपट ताठ होते. "एक मिलिमीटरनं काय होतंय" असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या.

आता सेंटर बोल्ट. हा पाट्यांच्या गठ्ठ्याला मधोमध शिवणारा बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि ॲक्सल पुढं-मागं सरकू देत नाही. माझे पाटे बदलले त्या दुकानात नवा सेंटर बोल्ट घातला, यू-बोल्ट कसले, काम झालं. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित डावीकडं धरावं लागतंय. अलाइनमेंट दोनदा केली. फरक शून्य.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडीखाली जायच्या आधी ओळंबा मागितला. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूची फुली मारली, गाडी ढकलून बाजूला केली आणि फुल्यांमधली अंतरं मोजली. उजवीकडं ५ मिलिमीटर कमी. मग पाटा उतरवला, सेंटर बोल्टच्या डोक्याला व्हर्नियर लावला: १२.६. बैठकीच्या भोकाला लावला: १८.२. मामांनी बोल्ट तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला. "ह्येचं डोस्कं बारीक हाय बघ, पोरा. भोकात नाचतंय." आणि लेथवर योग्य डोक्याचा बोल्ट करायला मुलाला पाठवलं. वीस मिनिटांचं काम. तोवर माझ्या मागच्या दोन टायरच्या कडा गेल्या होत्या.

हा ओळंब्याचा प्रयोग पाटे बदलण्याआधी एकदा आणि नंतर एकदा कराच. पुढची चाकं सरळ ठेवा. दोन्ही बाजूंत आधी जितका फरक होता तितकाच नंतरही असला पाहिजे. खर्च शून्य आहे.

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसाच धरेल याची खात्री नसते. आणि नवा हातोड्यानं ठोकून घालावा लागत असेल तर त्याचं आतलं माप चुकलंय. परत करा.

६. कॉइल आणि शॉकअप

कॉइलचं (वेढ्यांच्या स्प्रिंगचं) माप म्हणजे तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि सुटी लांबी. इथं गणित आणखी कडक आहे, ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ ची तार १३ झाली की स्प्रिंग साधारण ३८ टक्के ताठ. रबराचे बफर वेढ्यांमध्ये घालणार असाल तर मधली फट गाडी चाकांवर उभी असताना मोजा. जॅकवर लोंबती मोजली की फट मोठी दिसते आणि मोठा बफर गळ्यात पडतो.

शॉकअपची तीन मापं: गाडी उभी असताना, पूर्ण दबलेली आणि पूर्ण लोंबती. नवा शॉकअप बंद स्थितीत तुमच्या दबलेल्या मापापेक्षा आखूड हवा आणि उघडा लोंबत्या मापापेक्षा लांब. नाहीतर खड्ड्यात स्प्रिंगचं काम शॉकअपच करायला लागतो आणि त्याच्या कड्या तुटतात.

गाडी उंच केली तर दोन गोष्टी बघा. चाक लोंबतं असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का. आणि मागच्या ॲक्सलला सळईनं जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का. हा व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चासीतलं अंतर बघून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. गाडी उंचावली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग माल भरलेला असूनही तो मागचा ब्रेक कमीच देतो. पाटे बदलले की त्याची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. मला हे कुठल्याच दुकानात सांगितलं गेलं नाही.

हेडलाइटही वर जातात. त्यांचा झोत खाली करून घ्या, समोरच्याच्या शिव्या वाचतील.

७. हूक

पहिला गैरसमज. बंपरमध्ये आट्यांवर फिरवून बसवायची कडी बंद पडलेली गाडी ओढायला असते, ट्रेलरला नाही. (काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका.)

दुसरा गैरसमज बॉलचा, म्हणजे हुकावरच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याचा. बाजारात ५० मिलिमीटर, २ इंच म्हणजे ५०.८, आणि पावणेदोनच्या वरचा १⅞ इंच म्हणजे ४७.६, असे तीन बॉल मिळतात. २ इंची कपलरमध्ये (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या वाटीत) ४७.६ चा बॉल बसतो, लॉकही होतो, आणि एखाद्या गतिरोधकावर सुटतो. कपलरवर कोरलेलं माप वाचा, बॉलला व्हर्नियर लावा. ५० चा बॉल झिजून ४९ वर आला की बदला. लॉक केल्यावर ट्रेलरचा दांडा जॅकनं थोडा उचला. गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर उचलला पाहिजे. कपलर निसटून वर आला तर देवाचे आभार माना, की हे अंगणात कळलं.

चौकोनी रिसीव्हर (हुकाचा दांडा ज्यात सरकवतात ती नळी) २ इंची असेल तर त्याची पिन पाच सुताची, १५.९ मिलिमीटरची असते. १६ चा बोल्ट तिथं घासतो म्हणून भोक मोठं करून देणारे आहेत. करू देऊ नका.

सांगाडा चासीला लागतो, बंपरला नाही. चासीवर वेल्डिंग टाळा. उष्णतेनं तिथला पोलाद बदलतो, आणि बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये मनाई करतात. चासीतली आधीची भोकं वापरा. त्यांच्यातलं आडवं, उभं आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर भोकं गुण्यात नाहीत, मग पुठ्ठ्यावर ठसा घेऊन तोच वर्कशॉपला द्या. चासी पेटीसारखी बंद असेल तर बोल्टाभोवती आत पाइपचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर कसताना पत्रा दबतो आणि बोल्ट कायम ढिला राहतो.

आता वजन. उसानं भरलेल्या ट्रॉलीमुळं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तुमच्या गाडीतही तेच होतं, फक्त दिसत नाही. समजा दांड्याचा भार ८० किलो, बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागं आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर. मागच्या ॲक्सलवर ८० नाही, ११२ किलो वाढतात. पुढच्या चाकांवरचे ३२ किलो कमी होतात. म्हणून बॉल जितका गाडीच्या जवळ आणता येईल तितका आणा. दांड्याचा भार साध्या काट्यावर ओंडका ठेवून मोजता येतो, फक्त ट्रेलर आडवा समतल धरा. दांड्यावर भार फारच कमी असेल तर ट्रेलर मागं डुलतो, त्यामुळं जनरेटर ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढं ठेवा.

पिकअपवाल्यांनी बॉलची उंची ठरवण्याआधी फाळका पूर्ण खाली सोडून बघा. माझा पहिला हूक असा होता की ट्रॉली जोडलेली असताना फाळका उघडला की दांड्याच्या हँडलवर आदळायचा. सहा महिने मी सामान बाजूनं काढत होतो.

शेवटी मागच्या टायरच्या जमिनीवरच्या टोकापासून हुकाच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत सुतळी ताणा. ती जितकी आडवी, तितका हूक चढावर घासणार. जुन्या पेठांतल्या घरांच्या उंबऱ्यापाशी हे पटकन कळतं.

८. कॅरिअर

कारच्या छतावर किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. घरी काट्यावर उभं राहून कॅरिअर हातात घ्या, मग स्वतःचं वजन वजा करा. मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर तो पूर्ण उघडून कॅरिअरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा.

पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खड्ड्यात वेगवेगळे हलतात. त्यामुळं कॅरिअरची फ्रेम दोन्हींना कसू नका. फक्त हौद्याला धरा आणि केबिनच्या छतापासून चार-पाच सेंटिमीटर मोकळं ठेवा. दोन्हींना कसलेल्या फ्रेमनं माझ्या केबिनच्या छताला पहिल्याच पावसाळ्यात चीर पाडली.

लांब पाइप नेणाऱ्यांनो, कलम १९४ (१ए) वाचा. माल बाजूंना, पुढं, मागं किंवा उंचीत परवानगीबाहेर गेला तर दंड २०,००० रुपये. १० फुटी पाइप म्हणजे ३०४८ मिलिमीटर. फ्रेम बनवायच्या आधी हौद्यात आडवा ठेवून बघा.

९. वायरिंग

ट्रेलरचे दिवे सातपिनी सॉकेटवर घ्या आणि वायर कापून जोडू नका. ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि मागचा दिवा एकत्र लावून तपासा. एक लावला की दुसरा मंद होत असेल तर अर्थिंग कच्ची आहे.

१०. कोरडी बसवणी आणि पहिली फेरी

रंग द्यायच्या आधी सगळं एकदा नुसतं हातानं बसवून बघा. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. मग उतरवा, भोकांच्या कडांना रेडऑक्साइड लावा, बसवा, टॉर्क पान्यानं कसा आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर मार्करनं एक रेघ ओढा.

पहिली फेरी अर्धा माल घालून पन्हाळ्यापर्यंत. वीसेक किलोमीटर, चढ आहे, वळणं आहेत, वर झुणका-भाकर मिळते. गगनबावड्याचा घाट पहिल्या दिवशी नको. वर पोचल्यावर जेवायच्या आधी रेघा बघा. तुटलेली रेघ म्हणजे नट फिरलाय. यू-बोल्ट १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर कसून घ्या, मग चारही कोपऱ्यांची उंची वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. नवे पाटे पाच-सात मिलिमीटर बसतातच. एकाच बाजूला बसले असतील तर गाडी परत खडूच्या खुणांवर उभी करा आणि तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा मोजा.